तिसऱ्या खिडकीवरची पाटी

प्यो मालसुनचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक आपल्या खुर्चीवर, आणि दुसरा आपल्या नाकावर. बाकी सगळीकडे पाणी मुरतंय हे तिचं ठाम मत. दूधवाला वेळेवर आला तर हा आज वेळेवर कसा काय आला, आणि उशिरा आला तर आता कुठे तोंड काळं करत होता, म्हणून शंका. विश्वास म्हणाल तर तो पानिपतातच गेला.

चौथीही मुलगीच झाली म्हणून बापाने तिचं नाव मालसुन ठेवलं. मालसुन म्हणजे शेवटची, आता पुरे. बापाचं गाऱ्हाणं काही वर पोचलं नाही, पाचवीही मुलगीच झाली, ते सोडा. पण तिसऱ्या वर्षी ताप आला आणि शेवटचीचा डावा पाय वाळला. पुढे लग्न झालं, सहा वर्षांनी नवरा पुसानला कामाला म्हणून गेला तो गेलाच. तेव्हापासून वोन्जूत एका लाँड्रीच्या माडीवरची एक खोली आणि मालसुन. आणि गेली अकरा वर्षं, माबाऊ बोगद्याचा टोलनाका.

हा रस्ता सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. पण डोंगर पोखरला तो एका कंपनीने आणि तीस वर्षं चालवणारही तीच. कंपनीने नाका चालवायला कंत्राटदार नेमला. कंत्राटदार दर दोन वर्षांनी बदलायचा आणि तो बदलला की खिडकीत बसून टोल घेणाऱ्या बायकांच्या गळ्यातला रुमाल बदलायचा. हिरव्याचा निळा झाला, निळ्याचा जांभळा झाला. रस्ता तोच, गाड्या त्याच, खुर्ची तीच, पण बायकांनी मात्र दर खेपेला नव्याने अर्ज लिहायचा, जणू टोल नावाची वस्तू त्यांनी कालच ऐकली! करारात म्हणे असंही होतं की ठरल्यापेक्षा गाड्या कमी आल्या तर कमी पडेल तेवढं सरकार भरून देणार.

"म्हणजे गाडी आली तरी यांचं पोट भरणार, नाही आली तरी भरणार," मालसुन म्हणायची. "मग आम्हाला दिवसभर दात काढून हसायला कशाला लावतात मेले?"

तिला कामावर घेतलं त्यामागेही काही दयाधर्म नव्हता. पायाने अधू बाई ठेवली की कंत्राटदाराला सरकारी अनुदान मिळायचं, म्हणून घेतली. तिला ते पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं दुःख नव्हतं. कारण त्या केबिनमध्ये एक गंमत होती. खिडकीतून माणूस कंबरेपर्यंतच दिसतो. आणि कंबरेपर्यंतची मालसुन धडधाकट होती, ताठ मानेची होती, चांगली दिसायची सुद्धा. बाहेर रस्त्यावर शाळेतली पोरं तिच्या चालण्याकडे वळून बघत. इथे अकरा वर्षांत लाखो माणसं तिच्यासमोरून गेली आणि एकालाही तिचा पाय दिसला नाही. त्रेपन्न वर्षांच्या बाईला आठ तास अख्खं माणूस म्हणून बसायला मिळतं, अशी दुसरी जागा तिला माहीत नव्हती. खुर्ची गेली तर पोटाचं काय हा प्रश्न होताच. पण पोटाचं कसंही होतं हो. तिला भीती होती ती पुन्हा नुसती लंगडी बाई होण्याची.

म्हणून तर ती जावयांना एवढी भ्यायची.

जावई म्हणजे कंपनीने पाठवलेला चोरटा परीक्षक. साध्या गाडीतून, साध्या कपड्यांत यायचा. खिशात रेकॉर्डर. बाईने नमस्कार केला का, डोळ्यांत बघितलं का, सुटे पैसे दोन्ही हातांनी दिले का, "सुखरूप जा" म्हणताना आवाज वर गेला का, सगळ्याला गुण. जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा अशी इकडे म्हणच आहे. त्याला उलट बोलायची सोय नाही आणि तो कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून बायकांनी त्याचं नाव जावई ठेवलं. महिनाअखेरीला गुणांची यादी चहाच्या खोलीत लागायची, चौदा बायका, एकापासून चौदापर्यंत.

मालसुनचं नाक जावई ओळखण्यात तरबेज होतं. ज्याची काच लांबूनच खाली असते, ज्याची नजर चेहऱ्याआधी खिडकीवरच्या नावाच्या पाटीवर जाते, जो शेंबड्या पोराला ठाऊक असलेल्या गावाचा रस्ता विचारतो, तो जावई. अकरा वर्षांत तिने सात पकडले होते. ओळखला की ती फोनवर तीनदा खोकायची आणि बाकीच्या खिडक्यांतल्या बायका सावध व्हायच्या. कधी चुकायचीही. एकदा कोंबड्यांच्या गाडीवाल्याला जावई समजून ती एवढं मधाळ बोलली, की तो बापडा दुसऱ्या दिवशी केस चापून, फुलं घेऊन हजर. पुढे महिनाभर तिला रोज "कोंबड्या निघाल्या गं" म्हणून चिडवत होत्या सगळ्या.

दोन वर्षांपूर्वी नाक्यावर ओकसिल आली तेव्हा मालसुनच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती, हिला पाठवलं कुणी?

ओकसिल सीमेपलीकडची, उत्तरेची. नदी ओलांडून, चीनमधून तीन देशांचं पाणी पिऊन इकडे पोचलेली. तिकडे ती रिम होती, इकडे त्या आडनावातला र बोलत नाहीत म्हणून बिल्ल्यावर इम झाली. "तुमच्या देशात पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी एक अक्षर गेलं बघा," ती हसून म्हणायची. पलीकडून आलेल्यांना कामावर ठेवलं तरी अनुदान मिळायचं, म्हणजे ती आणि मालसुन दोघी एकाच सुपातल्या. बेचाळीस वर्षांची, हाडापेराने मजबूत, आणि बोलणं असं की दोन शब्दांत कळावं ही कुठली. जावई तिचे गुण हमखास कापायचे. यादीत ती कायम चौदावी.

केबिनमध्ये जायला रस्त्याखालून भुयार होतं, बेचाळीस पायऱ्यांचं. मालसुनला त्या उतरायला वेळ लागायचा. दोघींची पाळी एक असेल तेव्हा ओकसिल तिच्या एक पायरी पुढे उतरायची, हळूहळू, हात न देता. हिला मला मागे टाकून पुढे जायची घाई, असं मालसुनला आधी वाटलं. सहा महिन्यांनी एकदा पाय घसरला, ती थेट ओकसिलच्या पाठीवर आदळली, आणि तेव्हा तिला कळलं की ही पुढे का चालते. त्या दिवसापासून मालसुन तिच्याबरोबर डबा खाऊ लागली. मालसुनने डबा उघडणं म्हणजे इतरांनी जीव ओवाळून टाकण्यासारखंच.

एकदा जेवताना ओकसिलने तिकडची गोष्ट सांगितली. तिकडे दर शनिवारी बैठक. प्रत्येकाने उभं राहायचं, आधी स्वतःची आठवड्यातली चूक सांगायची, मग दुसऱ्या कुणाची तरी.

"म्हणजे चहाडी शिकवायची शाळाच की गं!" मालसुन म्हणाली.

"शाळेतच सुरू होतं ताई, आठव्या-नवव्या वर्षी. पण आम्ही मैत्रिणी आधी ठरवून ठेवायचो. मी म्हणणार तू उशिरा आलीस, तू म्हण मी केस विंचरले नाहीत. म्हणजे खरं काही बाहेर पडायचं नाही."

"आणि एखादीने ठरल्यापेक्षा जास्त सांगितलं तर?"

ओकसिलने मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला. "तर पुढच्या शनिवारी ती मैत्रीण नसायची," ती म्हणाली.

मालसुन हसली खरी, पण ही गोष्ट तिने मनात जपून ठेवली. लहानपणापासून शेजारणीवर बोट ठेवायची सवय लागलेली बाई. असू दे, ध्यानात असू दे.

त्या वर्षी नोव्हेंबरात बातमी आली की जानेवारीपासून नवा कंत्राटदार. पाचव्या मार्गिकेत मशीन बसणार, गाडी न थांबता निघून जाणार. तेव्हा चौदापैकी तेराच बायका ठेवायच्या. कुणाला काढायचं? यादीत जी शेवटची तिला. सगळ्यांनी ओकसिलकडे बघितलं आणि मग जी ती आपल्या चहाच्या कपात बघू लागली. मालसुन नववी होती. तिला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

मग तो गुरुवार आला. कोबीच्या लोणच्याचे दिवस. नाक्यावर दर चौथा ट्रक कोबीचा. दुपारी दोनच्या सुमाराला मालसुनच्या पोटात जी कळ आली ती थांबेना. बदली बाई जेवायला गेलेली. ओकसिलची पाळी नुकतीच संपली होती, ती कोट घालून भुयाराकडे निघाली होती. मालसुनचा चेहरा बघून ती केबिनमध्ये शिरलीच.

"उठा ताई. मी बसते."

"पाळीचं कार्ड माझं आहे गं मशीनमध्ये. तुझं घालायचं तर साहेबाला विचारावं लागेल."

"विचारत बसलात तर इथेच होईल. उठा!"

मालसुन उठली. बेचाळीस पायऱ्या खाली, मग भुयार, मग पुन्हा पायऱ्या. परत यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ओकसिल तिच्या खुर्चीत, तिच्या कार्डावर, खिडकीवरच्या 'प्यो मालसुन' या पाटीमागे बसली होती. परत आली तेव्हा ओकसिल म्हणाली, काही विशेष नाही, गाड्या गेल्या. आणि बस पकडायला पळाली.

सोमवारी बांग साहेबांनी मालसुनला ऑफिसात बोलावलं. बांग साहेब म्हणजे नाक्याचे प्रमुख. आयुष्यभर रस्ते खात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर कंत्राटदाराकडे आले. कंत्राटदार बदलला तरी साहेब काही बदलत नसत. ते कसं काय, हाही मालसुनचा एक जुना संशय होता. त्यांनी चष्मा नाकावर सरकवून कागद वाचला.

"गुरुवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, खिडकी तीन. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रेमाने भाजलेली दोन रताळी दिली. बाईने घेतली नाहीत."

"घ्यायचीच नाहीत असा नियम आहे ना साहेब."

"हो हो, नियम आहे. पण त्या म्हणाल्या काय, तर 'काम नाही'." साहेबांनी कागद खाली ठेवला. "अहो मालसुनबाई, दारावर आलेल्या फेरीवाल्याला हाकलताना म्हणतो ते आपण! तुझं इथं काम नाही, चालू पड. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला! त्यांनी थेट कंपनीत फोन केला. पाटीवरचं नाव वाचून ठेवलं होतं त्यांनी."

"कॅमेरा बघा की."

"केबिनचा कॅमेरा महिनाभर बंद आहे. कंपनी म्हणते दुरुस्ती कंत्राटदाराने करायची, कंत्राटदार म्हणतो कंपनीने." त्यांनी उसासा सोडला. "वीस गुण गेले. तुम्ही चौदाव्या. यादी शुक्रवारी वर जाते. काही म्हणायचं असेल तर त्याआधी येऊन सांगा."

मालसुन बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. ती तिथे नव्हतीच. बसली होती ती ओकसिल. आणि मालसुन चौदावी झाली म्हणजे ओकसिल आपोआप तेरावी. वाचली की! हे गणित मांडायला कुणी शहाणा लागत नव्हता.

एकदा संशयाने घर केलं की तो भाडं न देता राहतो आणि वर सामानही वाढवतो. पाळी संपल्यावर ओकसिल लगेच बसला का गेली नव्हती? उठा, उठा म्हणून एवढी घाई का केली? रताळ्यांचं मला सांगितलं का नाही? आणि 'काम नाही' असं दोन वर्षांत तिने कुणा गाडीवाल्याला म्हटलेलं कुणी ऐकलं होतं का? ते नेमकं माझ्याच पाटीमागे बसून म्हणायचं होतं का?

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की. पण संशयी माणूस विचारत नसतो. विचारलं तर चोर सावध होतो, हे त्याचं शास्त्र.

मंगळवारी दुपारी मालसुनने आपल्या खिडकीतून बघितलं, तर ओकसिल साहेबांच्या ऑफिसातून बाहेर पडत होती. डोळे पुसत होती. समोर मिनीबसवाला हात बाहेर काढून ताटकळत होता तरी मालसुनचं लक्ष नव्हतं.

"अहो काकू, घेताय ना? का फुकट सोडताय आज?"

"सुखरूप जा," मालसुन म्हणाली, त्याच्या हातातली नोट न घेताच. मग ओशाळून घेतली.

बुधवारी ओकसिलने डब्यात तिच्यासाठी काळपट बटाट्याच्या करंज्या आणल्या. थंडीत गोठवलेल्या बटाट्याचं पीठ करून त्यांच्याकडे करतात. करायला दोन दिवस लागतात.

"पोट बरं आहे ना ताई? हलक्या आहेत, खा."

अतिभक्ती चोराचं लक्षण, मालसुन मनात म्हणाली. तोंडाने म्हणाली, "काल साहेबांकडे कशाला गेली होतीस?"

ओकसिलचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. "दाखला द्यायचा होता. पलीकडून आलेल्यांचा असतो ना, अनुदानाला लागतो तो."

"तो मार्चात देतात."

"यंदा आत्ताच मागितला," ओकसिल म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

खोटं बोलत होती. मालसुनच्या नाकाला ते बरोबर कळलं. नाक खरं निघालं, फक्त वास कशाचा ते तेवढं कळलं नाही. करंज्या तिने तशाच ठेवल्या. रात्रभर तिच्या डोळ्यासमोर तो शनिवार येत राहिला, उभं राहून शेजारणीवर बोट ठेवणारी बाई. हिने साहेबांकडे जाऊन माझं आणखी काय काय ओतलं असेल? मी कितीदा पाच मिनिटं उशिरा येते ते? पाय हल्ली जास्त दुखतो ते? तिने बोट ठेवायच्या आत आपण ठेवलेलं बरं.

गुरुवारी पाळीवर जायच्या आधीच मालसुन साहेबांसमोर जाऊन बसली.

"साहेब, त्या दिवशी खुर्चीत मी नव्हतेच."

"असं?"

"ओकसिल होती. मी पोटात कळ आली म्हणून खाली गेले होते. ती बसली माझ्या जागी. ते 'काम नाही' तिनेच म्हटलं, तुमच्या त्या म्हाताऱ्याला बोलावून आवाज ऐकवा हवं तर. माझ्या अकरा वर्षांत असा शब्द नाही निघाला तोंडातून."

बांग साहेब बोटाने कागदाची कड सरळ करत राहिले. त्यांच्या गप्प बसण्याने मालसुनला वाटलं, यांना पटत नाहीये. माणसाला पटत नाही असं वाटलं की आपण दोन शब्द जास्त बोलतो, आणि तेच दोन शब्द नडतात.

"पहिल्यांदा नाही साहेब हे. याआधीही बसली आहे ती. तीन-चार वेळा तरी. मी गेले की माझ्या कार्डावरच बसते. मला काय ठाऊक ती माझ्या नावावर कुणाला काय बोलते ते!"

"तीन-चार वेळा," साहेब म्हणाले. "तुमचं कार्ड मशीनमध्ये असताना."

"हो."

"तुम्हाला ठाऊक असताना."

"मीच तर सांगितलं तिला की कार्ड माझं आहे म्हणून!"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मालसुनबाई, तुम्ही कशाला आलात हो इथे?"

मालसुनला प्रश्न कळला नाही.

"ओकसिलबाई मंगळवारीच येऊन गेल्या. सगळं सांगितलं. म्हणाल्या, खुर्चीत मी होते, शब्द माझा. तिकडे उत्तरेत म्हणे 'काम नाही' याचा अर्थ असू द्या, कशाला त्रास घेता असा होतो. त्या आजोबांना रताळ्यांबद्दल त्या अगदी मऊपणाने तसं म्हणाल्या. दोन वर्षं हा शब्द जिभेवर येऊ दिला नव्हता, त्या दिवशी आजोबांचं बोलणं त्यांच्या बापासारखं वाटलं आणि निघून गेला. मी विचारलं, मालसुनबाईंनी कार्ड दिलं होतं का? म्हणाल्या, छे, त्या कळवळत खाली पळाल्या, कार्ड राहिलंय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं, मीच न विचारता बसले. तुमच्याबद्दल आणखी काही विचारलं तर गप्प. एवढंच म्हणाल्या की ताईंना कळू देऊ नका, त्या माझ्यासाठी भांडायला येतील."

मालसुन खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"मी तुमचे वीस गुण परत लावले होते. तुम्ही पुन्हा नवव्या. मला एकच नाव हवं होतं, ते त्यांनी आपलं आपण दिलं होतं. आता जाणूनबुजून कार्ड दुसऱ्याच्या हाती देणं, तेही तीन-चार वेळा, याला काय म्हणतात नियमात, ते मी सांगायला हवं का?"

"मी बोलले ते खोडून टाका साहेब. चुकून बोलले. एकदाच बसली ती, खरंच एकदाच! बाकीचं मी आपलं वाढवून सांगितलं."

साहेबांनी टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. गठ्ठ्याशेजारी काड्यापेटीएवढं काळं यंत्र होतं आणि त्याचा तांबडा दिवा जळत होता. सात जावयांच्या खिशातला रेकॉर्डर हुंगून काढणाऱ्या बाईला हाताच्या अंतरावर उघडा ठेवलेला रेकॉर्डर दिसला नव्हता.

"यादीबद्दल कुणी बोलायला आलं की लावायचा, अशी कंपनीची ताकीद आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकल्यासारखा होता. "मी काय बोलतो तेही ऐकतं कुणीतरी. आणखी एका मार्गिकेतही मशीन बसवायला कंपनी टपलेलीच आहे. तुम्ही त्यांचं काम सोपं केलंत."

डिसेंबरच्या एकतीस तारखेला दोघींनी जांभळे रुमाल घडी घालून परत दिले. चहाच्या खोलीत बायकांनी तांदळाचे लाडू आणले होते, कुणाच्या घशाखाली धड उतरत नव्हते. भुयार चढून दोघी बाहेर आल्या आणि बसच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. वारा बोचत होता. समोर तिसऱ्या खिडकीवर एक माणूस शिडीवर चढून मालसुनच्या नावाची पाटी स्क्रू-ड्रायव्हरने काढत होता. थांब्यावर दोन पोरं बसली होती, त्यांनी मालसुन चालत येताना बघितली आणि अजून तिच्या पायाकडेच बघत होती.

ओकसिल मात्र संतापली होती. स्वतःसाठी नाही.

"माझं जाऊ द्या ताई, मी चुकले होते. पण तुमचं कसं काय गेलं? मी साहेबांना चक्क सांगितलं होतं की तुम्हाला काही ठाऊकच नव्हतं. कुणीतरी जाऊन लावलंय. कुणी असेल हो? ती दुसऱ्या खिडकीवरची असेल? तिने बघितलं होतं मला तुमच्या खुर्चीत."

"तिने नाही," मालसुन म्हणाली.

"मग कुणी?"

"मी."

ओकसिलने तिच्याकडे बघितलं.

"मीच जाऊन सांगितलं," मालसुन म्हणाली. तिचा आवाज फाटला. "तू मला बुडवायला निघालीस असं वाटलं मला. तू मुद्दाम तसं बोललीस, मंगळवारी माझी चहाडी करून आलीस, असं वाटलं. म्हणून गुरुवारी जाऊन तुझं नाव घेतलं. एकदा बसली होतीस ते तीन-चारदा सांगितलं. त्यातच माझंही गेलं."

ओकसिलने हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि चक्क हसली ती, डोळ्यांत पाणी आणून.

"कळलं बरं मला, कळलं. माझ्यामुळे तुमची खुर्ची गेली हे मला जन्मभर टोचू नये म्हणून चाललंय हे. ताई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो अजिबात."

"खोटं नाही गं बाई! साहेबाला विचार जा. रेकॉर्ड आहे त्याच्याकडे."

"कशाला विचारू? तिकडे पस्तीस वर्षं मी माणसं बघितली आहेत ताई, शेजारणीची, सख्ख्या बहिणीची चहाडी करणारी. कोण काय करेल ते मला चेहऱ्यावरून कळतं. तुम्ही असं केलंत हे उद्या खुद्द साहेब येऊन सांगू लागला तरी मी त्याला दारात उभा करणार नाही."

हिने एकदा आपल्यावर संशय घ्यावा, शिवी हासडावी, थुंकावं आणि दुसऱ्या बसने निघून जावं, असं मालसुनला इतकं मनापासून वाटलं की छातीत दुखायला लागलं. ओकसिलने आपला मफलर सोडवून तिच्या गळ्याला गुंडाळला, नीट गाठ मारली, आणि बस दिसते का ते बघायला रस्त्याच्या कडेला गेली.